याद्यांमध्ये लिहायचं राहून गेलेलं

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू, वर मधोमध 'श्री', खाली दोन रकाने. कार्यालय कोणी घ्यायचं, जेवणाचा खर्च कसा, मानपानाच्या साड्या किती, रुखवतात काय, मुलाची अंगठी किती ग्रॅमची. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. माझ्या भाचीच्या याद्या तिच्या कोथरूडच्या घरी झाल्या. सगळं लिहून झालं, कॉफी आली, आणि भाची म्हणाली, "वाकडच्या फ्लॅटचं यात कुठे लिहायचं?"

फ्लॅट मुलाच्या नावावर बुक झाला होता. बुकिंगचे पंधरा लाख त्याच्या वडिलांनी भरलेले, पुढचे पाच लाख भाची देणार, आणि कर्ज दोघांच्या पगारावर निघणार. तिचे होणारे सासरे मोकळेपणाने हसले. "अगं, सगळं तुमचंच आहे की." माझी आई कोपऱ्यातून पुटपुटली, "शुभ बोल रे नाऱ्या..." मांडवाला आग लागल्याचं पुढचं तिने गिळलं. विषय तिथेच मिटला.

रात्री भाचीचा फोन. "मावशी, आपल्याकडे प्रीनप करता येतो का गं?"

मी करसल्लागार आहे, वकील नाही. पण लोकांची रिटर्नं भरता भरता त्यांच्या संसाराचे कागद डोळ्यांखालून जातात, आणि कुठला कागद कधी नडतो हे कळायला लागतं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस मांडते.

प्रीनप म्हणजे लग्नाआधी दोघांनी केलेला लेखी करार. कोणाची मालमत्ता कोणती, कर्ज कोणाचं, लग्नानंतर कमावलेलं कोणाचं आणि वेगळं व्हायची वेळ आली तर वाटणी कशी, हे त्यात आधीच ठरतं. अमेरिकेत त्याचं एवढं प्रस्थ का, तर तिथे घटस्फोटाच्या वेळी लग्नात कमावलेलं न्यायालय दोघांमध्ये वाटतं. ती वाटणी ज्याला नको असते, तो आधीच करार करून ठेवतो. म्हणजे तिथला प्रीनप बहुतेक वेळा ज्याच्याकडे जास्त आहे त्याचं राखण्यासाठी असतो.

आपल्याकडे गाडी उलटी आहे. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं बायकोचं होत नाही आणि बायकोचं नवऱ्याचं होत नाही. ज्याच्या नावावर कागद, त्याची मालमत्ता. घटस्फोटात 'अर्धं अर्धं' वाटून द्यायचा नियम आपल्या विवाह कायद्यांत नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे ज्याच्याकडे कागद आहे तो इथे प्रीनपशिवायच सुरक्षित असतो. उघड्यावर असतो तो पैसे भरणारा पण कागदावर नाव नसलेला. आणि त्याला वाचवायला प्रीनप फारसा कामाचा नाही.

कारण आपली न्यायालयं लग्नाआधीच्या कराराकडे जरा संशयानेच बघत आली आहेत. हिंदू विवाह हा संस्कार मानला गेला, करार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल. कलकत्ता उच्च न्यायालयातलं १९०१ सालचं एक प्रकरण वकील मंडळी अजून सांगतात. एका नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की बायकोला तिच्या आईच्या घरातून कधी हलवणार नाही, थोडक्यात, घरजावई होऊन राहीन. पुढे त्याचं मन फिरलं आणि न्यायालयाने तो करार मानला नाही. एकोणिसाव्या शतकातलं ते घर कधीच मोडलं असेल, पण प्रीनपचा विषय निघाला की तो घरजावई अजून साक्षीला उभा राहतो.

तरी 'भारतात प्रीनप बेकायदा' असं म्हणणंही बरोबर नाही. तो केला म्हणून कोणी पकडत नाही. त्यात पैशांबद्दल जे प्रामाणिकपणे मांडलेलं असतं, म्हणजे कोणाचं काय होतं, कोणी काय भरलं, ते पुढे पुरावा म्हणून दाखवता येतं. पण 'मी कधीच पोटगी मागणार नाही' किंवा 'मूल माझ्याकडेच राहील' असली वाक्यं न्यायालयाला बांधत नाहीत. पोटगीचा हक्क आधीच लिहून सोडून देता येत नाही आणि मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित बघितलं जातं, आईबापांचा स्टॅम्प पेपर नाही.

गोवा याला अपवाद. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा आहे आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. ते नको असेल तर लग्नाआधी रीतसर करार करावा लागतो. म्हणजे प्रीनप तिथे खराखुरा चालतो. पण पुण्याच्या जोडप्याने गोव्याच्या किनाऱ्यावर नुसता मांडव घातला म्हणून तो कायदा मागून येत नाही. मुस्लिम विवाह तर मुळातच करार. निकाहनाम्यात मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, लिहिलेला असतो आणि कायद्याला धरून असलेल्या अटीही घालता येतात. आपण ज्याला पाश्चात्त्य फॅड म्हणतो ते आपल्या शेजारच्या घरात केव्हापासून चालू आहे.

तर भाचीला म्हटलं, प्रीनपचं सोड. फ्लॅटचं बोल. खरी मेख तिथे आहे.

समजा फ्लॅट नव्वद लाखांचा आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६ टक्के. म्हणजे नव्वद हजार वाचतात. या सवलतीसाठी पुष्कळ जण घर बायकोच्या नावावर घेतात आणि पुढे भांडण झालं की 'पैसे तर माझे होते' म्हणतात. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घर घेणं बेनामी ठरत नाही, कायद्यात तशी सूट आहे. पण घर कोणाचं, हा वाद त्याने मिटत नाही. नव्वद हजार वाचवताना आपण नेमकं कोणाला काय देतोय, हे आधी ठरवावं. आणि दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही.

भाचीचं दुखणं उलटं होतं. नाव त्याचं, कर्जात मात्र दोघं. यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. सहकर्जदार म्हणून सही केली की बँक अख्खं कर्ज तिच्या एकटीकडूनही वसूल करू शकते. निम्मं-निम्मं वगैरे बँक ओळखत नाही. पण मालकांच्या रकान्यात तिचं नाव नसेल तर विटेवरही हक्क नाही. जुन्या करपद्धतीत व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, तीही मालक असेल तरच. कर्ज घेताना भरावी लागणारी पानं इतकी असतात की 'इथे सही करा, इथे करा' म्हणत माणूस कुठे मालक झाला आणि कुठे नुसता देणेकरी, हे त्यालाच कळत नाही. म्हणून सहीआधी विचारायचा प्रश्न एकच: करारनाम्यात माझं नाव आहे का?

बिल्डरबरोबरचा करारनामा अजून नोंदवायचा होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नोंदणीआधी नाव घालणं सोपं असतं. एकदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे उठले की नाव वाढवायला वेगळा दस्त करावा लागतो आणि खर्चही.

नाव घातलं तरी हिस्सा किती? तो करारनाम्यात लिहिता येतो, पण फार थोडे लोक लिहितात. नाही लिहिला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ आहे: दोघांनी आपापल्या पैशातून किती भरले याचा पुरावा असेल तर त्या प्रमाणात, नसेल तर निम्मं-निम्मं धरायचं. आता एक नेहमीचं घर बघा. नवऱ्याच्या खात्यातून साठ हजारांचा हप्ता जातो. बायकोच्या पगारातून किराणा, मुलाची फी, कामवाल्या मावशींचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, तेही साठ हजारच. दहा वर्षांनी त्याच्या बँक स्टेटमेंटवर बहात्तर लाख घरासाठी भरलेले दिसतात. तिचेही बहात्तर लाख गेलेत, पण ते गव्हात, दुधात आणि शाळेच्या बसमध्ये. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये घर सांभाळणाऱ्या बायकोचा वाटा मान्य करून तिला मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला, आणि तो निकाल मला मनापासून पटला. पण तो एका उच्च न्यायालयाने एका घराबद्दल दिलेला निकाल. त्याच्या भरवशावर वाकडला फ्लॅट घेऊ नये. त्यापेक्षा हप्त्याचा काही भाग तिच्या खात्यातून थेट कर्जखात्यात जाऊ द्यावा आणि किराण्याचा काही भाग त्याच्या खात्यातून. घरात एवढा एक बदल केला तरी पुढची निम्मी भांडणं मिटतात, असा माझा अनुभव आहे.

तिच्या पाच लाखांचंही तसंच. लग्नाआधी ते होणाऱ्या नवऱ्याच्या खात्यात टाकले तर नातं काय? आयकर कायद्यात नवराबायको 'नातेवाईक' आहेत, साखरपुडा झालेले नाहीत. लग्नानिमित्त दिलेली भेट करमुक्त असते, पण फ्लॅटच्या हप्त्यासाठी दिलेली रक्कम लग्नाची भेट होती की आणखी काही, हे पन्नास हजारांच्या वर गेल्यावर समजावत बसावं लागतं. पैसे तिच्या खात्यातून थेट बिल्डरला गेले आणि करारनाम्यात तिचं नाव असलं की प्रश्नच नाही. आणि सासऱ्यांचे पंधरा लाख? ते मुलाला दिलेली भेट की उसने? आज सगळे 'तुमचंच आहे' म्हणतात. पुढे धाकट्या मुलाचं घर निघालं की त्याच पंधरा लाखांची आठवण होते. चार ओळी लिहून ठेवल्या तर म्हातारपणी त्यांनाच बरं.

मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली बायकोला सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते 'सामाईक घर' ठरू शकतं. पण राहायला मिळालं म्हणून ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत तर कायद्याने चक्क याद्या करायला सांगितलंय! हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची एक आणि वराला मिळालेल्यांची एक, अशा दोन लेखी याद्या करायच्या असतात. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कोणी, त्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. आपल्या याद्यांत साड्यांचे रंगसुद्धा असतात, पण ही यादी मी एकाही लग्नात बघितलेली नाही. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं असतं. ते सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही आणि परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. पण सोनं होतं, हे आधी दाखवावं लागतं. लक्ष्मी रोडवरच्या पेढीची पावती आईच्या नावावर, लॉकर सासूबाईंच्या नावावर आणि अल्बममध्ये गळ्यातला हार फुलांच्या माळेखाली झाकलेला. मग सिद्ध काय करणार? पावत्यांचे फोटो स्वतःच्या मेलवर टाकून ठेवावेत आणि लॉकर स्वतःच्या नावावर घ्यावा. सासूबाईंना वाईट वाटेल, पण ते किल्लीपुरतंच.

इथे भाची म्हणाली, "मावशी, सगळं घटस्फोटाचंच काय गं?" मुद्दा बरोबर होता. संसार मोडण्यापेक्षा माणूस अचानक जाणं, ही भीती प्रत्येक घराला आहे आणि तिचा विचार याद्यांच्या बैठकीत कोणी करत नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहुतेक ठिकाणी तो पैसे किंवा शेअर ताब्यात घेऊन वारसांना देणारा मधला माणूस. सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. सोसायटीचा नॉमिनीही तात्पुरताच सभासद. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, नवरा किंवा बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच. पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरायचं असतं. नोकरी लागल्या दिवशी भरलेला तो फॉर्म किती जणांनी पुन्हा उघडलाय?

मग खरा मालक कोण? मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो. हिंदू पुरुष गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा. वडील त्या पहिल्या यादीत नाहीत. हिंदू बाई गेली तर आधी मुलं आणि नवरा. दोन्ही नसतील तर तिने स्वतः कमावलेलं तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परततं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एक बाई लग्नानंतर काही महिन्यांत विधवा झाली, माहेरी परतली, शिकली, नोकरी केली, आयुष्यभर माहेरीच राहिली. तिच्या मागे तिची सगळी कमाई सासरच्या वारसांना मिळाली. न्यायालयाने कायदा वाचला तसा लावला. हे वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

उपाय एका पानाचा आहे. मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, लागतात ते दोन साक्षीदार. तिशीतल्या मुलीने मृत्युपत्र करायचं म्हटलं की घरात सुतकासारखी शांतता पसरते, पण करावं. आधीच केलेलं असेल तर हिंदूंच्या बाबतीत ते लग्नाने रद्द होत नाही, ख्रिश्चन आणि पारशी माणसांचं होतं. आणखी एक: नवऱ्याने टर्म इन्शुरन्स घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा पर्याय असतो. तो निवडला की ती रक्कम बायकोमुलांची, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. धंदा असलेल्या घरात तर हे हवंच.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचं थोडक्यात. भाचीची एक मैत्रीण बाणेरला तशी राहते. २००५ चा कायदा 'लग्नासारख्या' नात्यातल्या बाईला संरक्षण देतो, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं लग्नाला पात्र हवेत, पुरेसा काळ एकत्र राहिलेले हवेत, चारचौघांत जोडपं म्हणून वावरणारे हवेत. शनिवार-रविवार भेटणं त्यात बसत नाही. वारसाहक्क तर नाहीच. जोडीदार गेला तर त्याचे आईवडील येऊन घराला कुलूप लावू शकतात. म्हणून भाडेकरार दोघांच्या नावाने नोंदवावा, डिपॉझिट ज्याचं त्याच्या खात्यातून जावं, बँक खात्याला एकमेकांचं नॉमिनेशन आणि त्याच्या जोडीला मृत्युपत्र. या जोडप्यांनी पैशांपुरता साधा करार केला, म्हणजे गाडी कोणाची, घराचा हिस्सा किती, हप्ता कोणाचा, तर तो दोन सहमालकांमधला व्यवहार असतो. लग्न संस्कार की करार, हा वाद तिथे येतच नाही.

शेवटी भाचीला एक गृहपाठ दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी नियम घालून दिला की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात भांडायला गेल्यावर जे पान भरावं लागतं, तेच लग्नाआधी एकमेकांसमोर बसून भरायचं. शैक्षणिक कर्ज किती उरलंय, क्रेडिट कार्डवर काय थकलंय, मित्राच्या कर्जाला जामीन राहिलोय का, घरी दरमहा किती पाठवतो. एकाचं कर्ज लग्नाने दुसऱ्याच्या डोक्यावर येत नाही, पण हप्ता जातो तो एकाच घरातून.

दोघं एका रविवारी माझ्याकडे येऊन बसले. मुलाने एका मावसभावाच्या कर्जाला जामीन राहिल्याचं सांगितलं, भाचीने क्रेडिट कार्डचं. दोघंही थोडा वेळ गप्प होते, मग मी चहा टाकला. करारनामा आता दोघांच्या नावावर झालाय, हिस्सा ५५ आणि ४५. पंधरा लाखांबद्दलच्या चार ओळी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि कागद माझ्या आईपुढे धरला, तेव्हा तिने काही न बोलता कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. लॉकरचं मात्र अजून ठरलेलं नाही.